चोवीस चौकटी आणि एक फ्लेक्स

तीस वर्षं आटगाव ते मुंबई कसारा लोकलने गेलो-आलो. निवृत्त झालो आणि फंडाच्या पैशांतून कॅमेरा घेतला. घरच्यांनी सुस्कारा सोडला. शेजारच्या काकांनी याच पैशांतून बोअर मारली होती आणि तिला पाणी लागलं नव्हतं, त्यामानाने हे बरं. तीन पावसाळे तानसाच्या जंगलात चिखल तुडवून चोवीस फोटो निवडले आणि 19 ऑगस्टला, म्हणजे जागतिक छायाचित्रण दिनी, तालुक्याच्या गावी प्रदर्शन भरवायचं ठरवलं. चातुर्मासात लग्नं नाहीत, त्यामुळे मंगल कार्यालय निम्म्या भाड्यात मिळालं. वधूवरांच्या लाल मखमली खुर्च्या स्टेजवर तशाच होत्या. त्या पाहुण्यांच्या कामी आल्या.

अडलं ते फ्रेमच्या खर्चावर. एक दाते पुढे आले. अट एकच: ‘बाहेर आपला छोटासा फ्लेक्स लागंल.’

छोटासा म्हणजे वीस बाय दहा फूट. त्यावर सतरा चेहरे. वरच्या रांगेत राज्य, मधल्या रांगेत जिल्हा, खालच्या रांगेत तालुका, आणि उजव्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा मी, ‘आपला नम्र’. तानसा कुठे आहे म्हणून विचारलं, तर फ्लेक्सवाला पोरगा माऊस न थांबवता म्हणाला, ‘काका, तलाव टाकला तर साहेबांचा खांदा कापला जाईल.’

रात्री हिशेब केला. माझा एकेक फोटो बारा बाय अठरा इंच, म्हणजे दीड चौरस फूट. चोवीस फोटोंचे झाले छत्तीस. आत छत्तीस चौरस फूट तानसा आणि बाहेर दोनशे चौरस फूट शुभेच्छा. 1854 साली मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते, तेव्हापासून आपल्याकडे फोटोग्राफी हौसेने चालू आहे. त्या मंडळींचं नशीब थोर. त्यांच्या काळी फ्लेक्स नव्हता, म्हणून लोक फोटो बघायचे.

चोविसांतला पहिला फोटो धरणाच्या भिंतीचा होता. 1892 साली बांधून झालेली, अडीच किलोमीटरहून लांब दगडी भिंत. आदल्या दिवशी एक जाणकार येऊन कानाशी लागले, ‘तिथं फोटो काढायला बंदी आहे. पाटी नाही बघितली?’ पाटी बघितली होती. तिचाही फोटो काढला होता. मग भिंत उतरवली आणि तिच्या जागी ‘छायाचित्रणास सक्त मनाई आहे’ हा फोटो टांगला. अख्ख्या प्रदर्शनात वाचून बघितला गेलेला तेवढा एकच.

उद्घाटन अकराला होतं, ते दीडला झालं. एकेचाळीस सत्कार झाले. मी आणलेल्या शाली सव्विसाव्या सत्काराला संपल्या, मग पहिल्या सत्कारमूर्तींच्या खांद्यावरच्या परत फिरवल्या. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात तानसाच्या निसर्गाची तुलना स्वित्झर्लंडशी केली आणि फोटोंकडे पाठ करून फोटो काढून घेतला. मग सगळ्यांनीच काढून घेतले. माझे चोवीस फोटो त्या दिवशी किमान दोनशे सेल्फींत मागे उभे होते, त्यामुळे ‘लोकांपर्यंत पोहोचले’ असं म्हणायला हरकत नाही. तेवढ्यात लाइट गेली. मोबाइलच्या टॉर्च काचांवर पडल्या आणि प्रत्येक फ्रेममध्ये फक्त बघणाऱ्याचा चेहरा दिसू लागला. तेव्हा मात्र लोक बराच वेळ थांबले.

पाहुणे भजी खाऊन गेल्यावर पाड्यांवरची माणसं आली. चपला दाराबाहेर काढून, देवळात शिरावं तशी.

मी त्यांना अभिमानाने वनपिंगळ्यापुढे नेलं. हा पक्षी 1884 नंतर कुणाला दिसलाच नव्हता. संपला असंच पुष्कळांनी धरलं होतं. 1997 साली तो शहाद्याजवळ सापडला, म्हणजे एकशे तेरा वर्षांनी. 2014 साली आपल्या तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली आणि तेव्हापासून तोफांएवढ्या लेन्स घेऊन गाड्या येतात. मी स्वतः अकरा दिवस त्याच्यामागे होतो. एक बाबा फोटो निरखून म्हणाले, ‘हा होय? हा आमच्या सागावर बसतो. दिवसाचा ओरडतो.’ मग माझ्याकडे जरा काळजीने बघत म्हणाले, ‘अकरा दिवस? विचारायचं तरी.’

सातवा फोटो ओसंडणाऱ्या तलावाचा. खाली मी माहिती लिहिली होती: साठवण क्षमता 14,508 कोटी लिटर. तलाव भरला की मुंबईच्या पेपरांत बातमी येते आणि मुंबईकर निश्चिंत होऊन शॉवरखाली उभा राहतो. एक बाई या फोटोवरून न थांबता पुढे गेल्या. त्या थांबल्या मे महिन्यातल्या टँकरपाशी. हंड्यांची रांग, उडणारी धूळ, मावळतीचा प्रकाश. सकाळी एका पाहुण्यांनी याला ‘काय फ्रेम आहे!’ म्हटलं होतं. बाईंनी विचारलं, ‘ह्यो कुठल्या तारखेला आलेला?’ मी तारीख सांगितली. त्या सोबतिणीकडे वळून म्हणाल्या, ‘बघ, मी म्हणत नव्हते? त्या दिवशी आपण लग्नाला गेलेलो.’

संध्याकाळी आवराआवर करताना पिंगळ्याचे बाबा परत आले. दाराशी घुटमळले. मला वाटलं, फोटो हवा असेल. मी पिंगळा कागदात गुंडाळायला घेतला.

‘तो नको,’ बाबा म्हणाले. ‘बाहेरचा मोठा द्या. घर गळतंय.’

मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फलक काढायचे आदेश दिले, त्याला वर्षं लोटली. आमच्या नाक्यावर फलक उतरतो तो त्याच जागी दुसरा चढवायचा असला तरच. हा मात्र आम्ही दोघांनी मिळून दहा मिनिटांत उतरवला.

आठवड्याने पाड्यावर गेलो. पाऊस लागलेलाच होता. बाबांनी फ्लेक्स छापील बाजू खाली करून कौलांवर अंथरला होता आणि वर दगड ठेवले होते. आत वाकून शिरलो. कौलं सरकून पडलेल्या मोठ्या भगदाडातून वरच्या रांगेतले तीन साहेब हात जोडून हसत होते. खाली पोरं उताणी पडून, नाकं मोजत, त्यांना नावं ठेवत होती. इतक्या निवांतपणे बघणारे प्रेक्षक मला प्रदर्शनात दिवसभर मिळाले नव्हते. आणि जनतेच्या डोक्यावर छप्पर देण्याचं आश्वासन, माझ्या माहितीत तरी, पहिल्यांदाच इतक्या शब्दशः पुरं झालं होतं.

‘आता गळत नाही ना?’ मी विचारलं.

‘नाही. फक्त त्या कोपऱ्यात ठिबकतं.’

बाबांनी बोट दाखवलं. उजव्या कोपऱ्यात, दोरीच्या भोकाला लागून, मी होतो. आपला नम्र.