झाकण उघडल्यास अपमान होईल

पुण्याच्या दुकानदारावर महाराष्ट्रानं दोन-तीन पिढ्या विनोद केले, आणि त्यातले बरेचसे आता शिळे झालेत. चितळे बंधूंनीसुद्धा 2017 साली दुपारी एक ते चार दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तेव्हाच खरं तर पुणेरी बाण्याच्या स्मारकासाठी वर्गणी काढायला हवी होती. पण बाणा गेला नाही, त्यानं फक्त धंदा बदलला. हातातला मोबाइल उलटा करून पाहा. झाकणाला फट नाही, असलीच तर तिथं नख शिरत नाही. काही फोनांच्या तळाशी दोन इवलेसे स्क्रू असतात, पण त्यांचं तोंड पाच पाकळ्यांचं, म्हणजे घरातल्या कुठल्याच स्क्रूड्रायव्हरला दाद न देणारं. ‘विकलेला माल आमचाच राहील, आत डोकावल्यास अपमान होईल’ हे इतक्या कमी जागेत, एकही अक्षर खर्च न करता सांगणं सदाशिव पेठेतल्या पाट्यांना कधी जमलं नव्हतं.

घरातली हातात मावणारी यंत्रं घरी दुरुस्त होत नाहीत, त्याचा ठपका नेहमी घरच्यांच्या अडाणीपणावर ठेवला जातो. या ठपक्याला पुरावा भरपूर आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की मराठी घरात काय होतं? प्लॅस्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून जपलेल्या त्या जिवाला आधी तळहातावर दोन थपडा बसतात. मग सेलांच्या जागांची अदलाबदल होते, मग सेल गॅलरीत उन्हाला पडतात, आणि शेवटी केबलवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. वास्तविक हे निदान मिनिटभराचं आहे. रिमोटचं तोंड मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्याकडे करून बटण दाबायचं. डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण बहुतेक कॅमेऱ्यांना जांभळट ठिपक्यासारखे दिसतात. ठिपका लुकलुकला तर रिमोट निर्दोष, केबलवाल्याला खुशाल फोन करा. कुठल्याच बटणाला ठिपका नाही, तर आधी सेल बदला आणि ते जिथं टेकतात त्या स्प्रिंगवरचा गंज खरवडा. फक्त आवाजाचंच बटण रुसलं असेल, तर सेलांच्या खणातला स्क्रू काढून झाकण उचकटा. आतल्या रबरी चटईच्या पोटाला काळे ठिपके असतात, तेच खालच्या पट्टीवरच्या रेषा जोडतात. त्यांच्यावर हातांचं तेल आणि चिवड्याचा चुरा बसलेला असतो. स्पिरिटचा बोळा फिरवला की काम झालं. ज्या घराला थपडेपलीकडचा उपाय ठाऊक नव्हता, तेच घर हे एकदा पाहून करू शकतं. झाकण निघतं, एवढंच त्याचं गुपित.

दुसरा पुरावा तांदळाचा. फोन बादलीत पडला की तो थेट तांदळाच्या डब्यात जातो. वाद होतो तो इंद्रायणी की आंबेमोहोर एवढ्यापुरताच. अ‍ॅपलनं 2024 च्या जानेवारीत असं करू नका म्हणून बजावलं, कारण तांदळाचे बारीक कण आत जाऊन नवं दुखणं लावतात. तांदूळ बोर्डावरचं पाणी ओढून घेत नाही, आणि दरम्यान पाण्यातल्या क्षारांचं गंजवण्याचं काम निवांत चालू राहतं. त्यापेक्षा फोन बंद करायचा, चार्जर लावायचा नाही आणि लवकर उघडून घ्यायचा. पण उघडणार कोण? बॅटरी अंगठ्यानं निघायची तेव्हा ती काढून बाजूला ठेवणं शाळकरी पोरालाही कळत होतं. दार बंद झालं की माणूस नवसावर येतो. तांदळाचा डबा हा त्यातलाच प्रकार.

पूर्वी असं नव्हतं म्हटलं की स्मरणरंजनाचा आरोप होतो, म्हणून थोडा कोरडा इतिहास. व्हॉल्व्हच्या जमान्यातल्या अनेक रेडिओंमध्ये मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे. रेडिओ ऐकायला पोस्टातून लायसन काढावं लागे, उघडायला लागत नसे. आता लायसन फक्त उघडण्यापुरतं उरलंय आणि ते कंपनीच्या अधिकृत सेंटरकडे असतं.

यावर कंपन्यांचं पहिलं उत्तर सुरक्षिततेचं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. लिथियमची बॅटरी फुगली म्हणजे तिच्या पोटात वायू साठलाय. तिला सुरीचं टोक लागलं तर भडका उडू शकतो. पाठ उचललेला फोन दाबून बसवू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये. पण मग 2007 चं काय करायचं? नोकियाच्या बीएल-5सी बॅटऱ्या तापतात म्हणून कंपनीनं 4 कोटी 60 लाख बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला. लोकांनी घरबसल्या झाकण सरकवलं, बॅटरीवरचा नंबर पाहिला, सदोष निघाली ती बदलून घेतली. फोन जिथल्या तिथं राहिला. 2016 साली सॅमसंगच्या नोट 7 च्या बॅटऱ्या पेटू लागल्या. त्या आत बंद होत्या, त्यामुळे अख्खे फोन परत मागवावे लागले, अमेरिकेनं ते विमानात नेण्यावर बंदी घातली आणि शेवटी मॉडेलच गुंडाळलं गेलं. सुरक्षित कोण होतं? आधी बॅटरी गोंदानं चिकटवायची आणि मग ती उचकटणं धोक्याचं आहे म्हणून ग्राहकाला घाबरवायचं, हा युक्तिवाद वाड्याचा जिना काढून घेऊन भाडेकरूला माडीवरून उडी मारू नका म्हणण्यातला आहे.

दुसरं उत्तर पाण्याचं: झाकण उघडतं ठेवलं तर पाणी जाईल. सॅमसंगचाच 2014 चा गॅलेक्सी एस5 आयपी67 मानांकनाचा होता, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारा, आणि त्याचं मागचं झाकण नखानं निघत होतं. हे उत्तर इथंच सोडू.

खरं कारण एका कंपनीनंच एकदा बोलून दाखवलंय, तेही ग्राहकाला नव्हे, भागधारकांना. बॅटरी जुनी झालेले आयफोन मुद्दाम संथ केले जातात, हे अ‍ॅपलनं 2017 च्या डिसेंबरात मान्य केलं आणि बोंबाबोंब झाल्यावर बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत 79 डॉलरवरून 29 वर आणला. वर्ष उलटलं, नव्या आयफोनची विक्री अपेक्षेपेक्षा कमी भरली, आणि टिम कुक यांनी 2019 च्या जानेवारीत गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात दिलेल्या कारणांत ही स्वस्त बॅटरीही होती. चांगला चालणारा जुना फोन हा हिशेबाच्या वहीत तोटा म्हणून नोंदला जातो, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा कुठल्याही ग्राहक पंचायतीला मिळाला नसता.

आता अस्सल पुणेकर विचारेल, घरी कशाला उचकटायचं, बुधवार पेठ काय मेलीय का? तिथल्या पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपास हिंडा, सगळं होतं. होतं, हे खरंच. हॉट एअर गन, चिमटा आणि सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेला कारागीर कंपनीच्या सेंटरनं ‘मदरबोर्ड बदलावा लागेल’ म्हणून हात झटकलेला फोन एका आयसीवर उठवतो. पण तोही दारातून नव्हे, खिडकीतून आत गेलेला असतो. त्याच्याकडचा नकाशा इकडून तिकडून मिळवलेला, सुटे भाग भंगार फोनांतून काढलेले. म्हणून तर डिस्प्लेचा कॉम्बो बदलताना ‘ओरिजनल टाकू की कॉपी?’ हा प्रश्न येतो आणि ओरिजनल किती ओरिजनल, हे विठोबालाच ठाऊक. वर, अगदी तशाच दुसऱ्या आयफोनमधली खरी बॅटरी बसवली तरी कित्येक मॉडेल पडद्यावर ‘अनोळखी भाग’ म्हणून कुरकुरतात. ज्या हातांवर शहराचे फोन जगतात, त्यांना कंपनी ओळख द्यायला तयार नाही. मग घरच्या टेबलाशी बसलेल्याची काय कथा.

सरकार झोपलेलं नाही. 24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू झालं. दुरुस्तीचा हक्क मागणाऱ्याला तिथं कंपन्यांचे कस्टमर केअर आणि अधिकृत सेंटरचे पत्ते मिळतात, म्हणजे ज्यांच्या तावडीतून सुटायचंय त्यांचेच. युरोपात 2025 च्या जूनपासून मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग पुरवण्याचा नियम लागू आहे, आणि 2027 च्या फेब्रुवारीपासून बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता येईल अशी हवी, मोजके अपवाद सोडून. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीनं 2025 च्या मे महिन्यात अहवाल दिला: फोन किती दुरुस्त होण्यासारखा आहे, याला पाचपैकी गुण द्यावेत. कल्पना उत्तम आहे. गुण कंपनीनंच स्वतःला द्यायचेत, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर ते क्यूआर कोडच्या रूपात छापायचेत. म्हणजे नवा फोन दुरुस्त होईल की नाही हे कळण्यासाठी जुना आधी दुरुस्त करून आणावा लागेल.