बैल आमचा, पास तुमचा

स्वतंत्र सिनेमा म्हणजे काय, हे निमगाव सावात बसून चटकन कळतं. आपल्यावर निघतो आणि आपल्यापर्यंत पोचत नाही, तो स्वतंत्र सिनेमा. निर्मात्यापासून मोकळा, वितरकापासून मोकळा आणि प्रेक्षकापासून तर पुरताच मोकळा.

2008 सालचा ‘टिंग्या’ घ्या. दिग्दर्शक मंगेश हाडवळे राजुरीचे, म्हणजे आपल्याच जुन्नर तालुक्यातले. टिंग्या झालेला शरद गोयेकर इथलाच पोरगा, राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आला. अधू झालेला बैल ठेवायचा की खाटकाला द्यायचा, हा पेच तर इथल्या गोठ्यागोठ्यातला.

असे सिनेमे बघायला जानेवारीत पुण्याच्या ‘पिफ’ या चित्रपट महोत्सवाला जावं. गळ्यात पास, खांद्याला झोळी, दारात रांग. तीन मिनिटं कॅमेरा हलला नाही की माना डोलू लागतात. दिवे लागले की प्रश्नोत्तरं. ‘हा बैल व्यवस्थेचं प्रतीक मानायचा का?’ दिग्दर्शक बिचारा हो म्हणतो. नाही म्हणायची सोय नसते. आपल्याकडचा एखादा बाबा तिथं असता तर त्यानं विचारलं असतं, ‘बैलाला खरंच लागलं होतं का? मग डॉक्टर कुठला आणला?’ सिनेमा कोण बघत होतं, ते तुम्हीच ठरवा.

जत्रेत तंबू ठोकून पडदा लावणाऱ्या टुरिंग टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट निघाला. 2016 साली तो थेट कानच्या महोत्सवाला गेला. जत्रेतले तंबू एकेक करत उठले, त्यांचा सिनेमा फ्रान्सला पोचला! ‘साबर बोंडं’ या सिनेमाची तीच तऱ्हा. गावातल्या दहा दिवसांच्या सुतकाची गोष्ट, पण 2025 साली तिला मोठं बक्षीस दिलं ते अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवानं.

दोष एकट्या दिग्दर्शकांचा नाही. मल्टिप्लेक्सवाले अशा सिनेमाला सकाळचा खेळ देतात, तोही बिगारी माणूस कामावर गेल्यावर. आणि आपण तरी काय कमी आहोत? डीजेला आणि आर्केस्ट्राला सुपारी देताना आपला हात आखडत नाही. मराठी सिनेमा मात्र मोबाइलवर फुकट पाहिजे.

उपाय हाताशी आहे. पाडव्याला नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन सुपाऱ्या ठरवतात. मांडव, जनरेटर, कर्णे, रात्रभर बसायची सवय, सगळं आपल्याकडे तयार आहे. यात्रा कमिट्यांनी यंदा तमाशाची रात्र ठेवून आणखी एक रात्र पडद्याला द्यावी. दिग्दर्शकाला रीतसर बोलवावं, नारळ-टोपी द्यावी आणि सिनेमा संपल्यावर गावासमोर उभं करावं. प्रश्न आम्ही विचारू. वर्गणीची पावती हाच पास!