निरंक अहवालाचे शिक्षणशास्त्र

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करून किमान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखले यांचे त्याच दिशेचे विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. आणि जॉन ड्यूई या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९१६ च्या आपल्या ग्रंथात शाळेचे नाते थेट लोकशाहीशी जोडले. या तिघांनाही शाळेचे प्रयोजन मुलात शोधावेसे वाटले, ही त्यांच्या काळाची मर्यादा होय. त्या काळी पोर्टल नव्हते.

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये आज जे शिक्षणविषयक दर्शन आचरले जाते, त्यास 'माहितीवाद' असे नाव देता येईल. या मतानुसार शाळा ही माहिती उत्पन्न करणारी संस्था असून शिक्षक हा ती 'तात्काळ' सादर करणारा सेवक आहे, आणि अध्यापन म्हणजे दोन पत्रकांच्या दरम्यान अनवधानाने उरलेला अवकाश. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मुक्त केले असले, तरी दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका असे तीन अपवाद त्यात आहेत; याच यादीत चौथा अपवाद म्हणून अध्यापनाचा समावेश झाला असता, तर शिक्षकांना निदान तेवढ्यापुरते वर्गावर जाण्याचे आदेश निघाले असते.

माहितीवादाचे खरे वैभव मात्र त्याच्या अस्तित्वमीमांसेत, म्हणजे 'मूल आहे' असे कशाच्या आधारे म्हणावे या विचारात दिसून येते. २०११ च्या पटपडताळणी मोहिमेत राज्यभर एकाच वेळी शिरगणती झाली, मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली (मतदानाचा हक्क मिळण्यापूर्वीच मतदानाची खूण मिळालेली ही बहुधा एकमेव पिढी), आणि हजेरीपटावर असलेली पुष्कळ मुले बाकांवर नसल्याचे उघड झाले. हा दोष पुढे असा दुरुस्त झाला की, आता बाकावर असलेले मूल कागदावर नसते. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळावेत याचा वार्षिक निर्णय, आधार क्रमांक वैध ठरलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवरून होऊ लागल्यामुळे, ज्या मुलीच्या नावातील एक वेलांटी दोन दस्तऐवजांत जुळत नाही, ती रोज पहिल्या रांगेत बसून पाढे म्हणत असली, तरी शिक्षकाच्या पदापुरती ती जन्मलेली नसते. अशी पाच-सात मुले एका वर्गात भरली, की शिक्षक 'अतिरिक्त' ठरून अन्यत्र जातो, आणि न जन्मलेली मुले मागे उरतात. मूल खरे की नोंद खरी, या वादात प्रशासनाने नोंदीच्या बाजूने कौल दिला, आणि तो तर्काला धरूनही आहे: नोंद गैरहजर राहत नाही, तिला ताप येत नाही, ऊसतोडीच्या हंगामात ती आईवडिलांबरोबर गाव सोडून जात नाही.

मागवलेल्या बाबीविषयी शाळेकडे सांगण्याजोगे काहीच नसले, तर तेही लेखी कळवावे लागते. यास 'निरंक अहवाल' म्हणतात. शून्याचे चिंतन नागार्जुनानेही केले, परंतु ते शून्य तीन प्रतींत, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी आणि दुपारी बारापूर्वी केंद्रप्रमुखांकडे पोहोचवण्याची कल्पना त्याला सुचली नव्हती. पोषण आहाराची खिचडी मुलांना वाढण्यापूर्वी चाखून तिची चव नोंदवण्यासाठी शाळेत स्वतंत्र वही असते. ही व्यवस्था योग्यच आहे, कारण खिचडी बिघडली तर त्याच दिवशी कळते. न शिकलेले मूल मात्र वर्षानुवर्षे कोणाच्याही पोटात दुखू न देता वरच्या वर्गात जात राहते.

या पद्धतीत एकदा एक गंभीर प्रमाद घडला. पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने बांधावीत आणि मुलांनी त्यांवर स्वतःच्या नोंदी कराव्यात, असे राज्य शासनाने २०२३ मध्ये ठरवले. त्या नोंदी कोणत्याही कार्यालयाने मागवलेल्या नव्हत्या, त्यांना विहित नमुना नव्हता, आणि त्या पोर्टलवर चढवण्याची सोयही नव्हती. मुले तरीही निराळ्या वह्या आणतात, असे कारण देऊन २०२५ मध्ये ही योजना मागे घेण्यात आली.