दगड उचलता येतो, बसवणार कोण?

आजच्या यंत्रांना प्राचीन काळचे अजस्र दगड हलवता येतील का, असा प्रश्न अधूनमधून कुणीतरी विचारतं. पूर्वजांकडे काही गुप्त विद्या होती आणि ती लोप पावली, अशी पुस्तीही जोडली जाते. अशांनी एकदा गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीला यावं आणि आलापल्लीच्या रस्त्याकडेला थोडा वेळ उभं राहावं. सुरजागडच्या डोंगरातून वर्षाला एक कोटी टन लोहखनिज काढायला २०२३ साली मंजुरी मिळाली. दिवसाचा हिशेब सत्तावीस हजार टनांच्या वर जातो. आख्खा डोंगर पोखरून वाहून नेणाऱ्या यंत्रांना देवळाचा एक खांब काय जड?

इजिप्तमध्ये अबू सिंबेलची देवळं १९६४ ते १९६८ या काळात कापून, हजाराहून अधिक तुकडे करून, ६५ मीटर उंचावर पुन्हा उभी केली. एकेक तुकडा वीस-तीस टनांचा होता. त्याला साठ वर्षं होत आली. त्यामुळे उचलण्याचा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे.

प्रश्न उरतो तो बसवण्याचा. त्यासाठी मार्कंड्याचं मंदिर पाहा. सुरजागडचं खनिज ज्या कोनसरीला जातं ती चामोर्शी तालुक्यात, आणि वैनगंगेकाठचं मार्कंडादेवही त्याच तालुक्यात. या मंदिरावर दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी वीज कोसळली असं सांगतात. २०१५च्या सुमारास केंद्रीय पुरातत्त्व खात्याने मुख्य मंदिराचे दगड जीर्णोद्धारासाठी उतरवायला घेतले आणि पुढे काम वर्षानुवर्षं रखडलं. उतरवताना हात चालले, चढवताना थांबले.

या कामाची पद्धत अशी असते. प्रत्येक दगडावर आकडा घालायचा, नकाशात त्याची जागा टिपायची, तडा गेलेला वेगळा काढायचा, त्याच जातीचा दगड शोधून जोड घडवायचा आणि मग तो सुताभराचाही फरक न ठेवता मूळ खाचेत बसवायचा. क्रेनचं काम त्यात घटकाभराचं. बाकी सगळी मदार पाथरवटावर, वेळेवर मिळणाऱ्या पैशावर आणि बदली झाली तरी फाईल पुढे नेणाऱ्या अधिकाऱ्यावर. आकडा पावसाने पुसला गेला की दगड फक्त दगड उरतो.

बळ असूनही काम कसं अडतं, याची जुनी साक्ष चंद्रपूरच्या लालपेठेत आहे. तिथली दशमुखी दुर्गा सुमारे पंचवीस फूट लांब, अठरा फूट रुंद, एकाच दगडातली. वजन पन्नास टनांहून अधिक धरतात. गोंडकाळात रायप्पा नावाच्या कोमट्याने मोठं शिवमंदिर बांधायचं ठरवून इथली शिल्पं घडवून घेतली; तो वारला आणि देऊळ राहूनच गेलं, अशी हकीकत सांगतात. एवढा दगड घडवणाऱ्या कारागिरांचं बळ कमी पडलं नव्हतं. काम पुढे नेणारा माणूस गेला, म्हणून दुर्गा आजही उघड्यावर पडून आहे.

उलट भामरागडकडचे माडिया आदिवासी आपल्या मृतांच्या नावाने दगड उभे करत आले. ना क्रेन, ना निविदा. दगड आपल्या माणसाचा, म्हणून गावच खांदा देतं आणि तो उभा राहतो. पूर्वजांची गुप्त विद्या म्हणतात ती हीच असेल, तर आपल्या जंगलात ती अजून जिवंत आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुरातत्त्व खात्याने दर महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या दारात एक फलक लावावा: एकूण किती दगड उतरवले, किती बसवले, किती उरले, काम संपण्याची तारीख कोणती. जत्रेला येणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. आणि जिल्ह्याच्या आमदार-खासदारांनी रांगेशिवाय दर्शन घेण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवावा. येत्या महाशिवरात्रीपासूनच सुरुवात करा.