नळकांड्याची गाडी

अमरावतीहून अकोला शंभरेक किलोमीटर. हा रस्ता वर्षानुवर्षं असा होता की लग्नाच्या वरातीला पोचायचं तर माणूस हळदीच्या दिवशी निघायचा. मग जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर सलग टाकून ह्याच रस्त्यानं गिनीज बुकात नाव लावलं. (७५ ही एका पदराची लांबी, दुपदरी धरलं तर साडेसदतीस. वऱ्हाडी वाचक हिशेबाला पक्का असतो, म्हणून आधीच सांगून ठेवलं.) आता कपातला चहाही हिंदकळत नाही. सगळे खूश आहेत, आमचे साडूभाऊ सोडून.

साडूभाऊंचं अमरावतीला कृषी केंद्र आहे आणि दारात २०२१ सालची थार आहे. ती गाडी कंपनीनं बनवली तेव्हा अपुरी होती, असं त्यांचं ठाम मत आहे. गेली काही वर्षं ते ती पूर्ण करून राहिले आहेत. पोळ्याला बैल सजवावा तशी त्यांनी ती सजवली. फरक इतकाच की पोळा एका दिवसात संपतो. पुढे विंच, वर कॅरिअर, कॅरिअरवर एलईडीची पट्टी, मागे जेरीकॅन, बगलेला फावडं. खाली लिफ्ट किट घालून गाडी दोन इंच उचललेली. ह्या सगळ्याची बिलं दुकानाच्या खात्यात जातात. मेहुणीबाईंच्या लेखी लिफ्ट किट हा युरिया आहे आणि विंच म्हणजे तणनाशकाच्या दोन पेट्या.

नातवाचं बारसं आटोपून मी बडनेऱ्याहून रेल्वेनं घरी, म्हणजे अकोल्याला, जाणार होतो. बायको बहिणीकडे राहणार होती. साडूभाऊ म्हणाले, “रेल्वेनं काहून? मी सोडून देतो ना.” बायकोनं डोळ्यांनी खूण केली की नाही म्हणू नका. तिला तिकिटाचे पैसे वाचताना दिसत होते.

इथे माझी उंची सांगणं भाग आहे. पाच फूट दोन इंच. थारमध्ये चढायला मुळात पायदान असतं, पण साडूभाऊंनी ते काढून टाकलेलं. पायदान दगडाला घासतं, क्लिअरन्स जातो. अमरावती शहरात कोणत्या दगडाला घासतं, हे मी विचारलं नाही. मी दाराची मूठ धरली, मग आरशाची दांडी, मग साडूभाऊंचा पट्टा. शेवटी मेहुणीबाईंनी न्हाणीघरातला प्लास्टिकचा निळा स्टूल आणून दिला. “परत पाठवा बरं का, बादली ठेवाले लागते.” स्टुलावरून मी गाडीत गेलो आणि स्टूल माझ्या मांडीवर आला.

“हायवेनं गेलो तर गाडीचा अपमान आहे,” साडूभाऊ म्हणाले. “दर्यापूरवरून काढतो. लासूरचं मंदिर दाखवतो तुम्हाला.”

वलगावपर्यंत त्यांनी मला टायर समजावले. कंपनीची चाकं काढून त्यांनी दांडगी चाकं घातली, बाहेरचा व्यास चारेक सेंटिमीटरनं वाढला. गाडीतल्या काट्याला मात्र हे कोणी कळवलेलं नाही. तो जुन्याच चाकाच्या हिशेबानं मोजतो; तो ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ नं पळत असते. म्हणजे किलोमीटरही कमी भरतात. विकताना गाडी कमी वापरलेली दिसते, हा फायदा साडूभाऊंच्या लक्षात आहे.

मी कायद्याचं विचारलं, कारण मला गाडीतलं फक्त तेवढंच कळतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं समोरच्या लोखंडी बुलबारवर बंदी आणली: पादचाऱ्याला जास्त इजा होते आणि एअरबॅगचं गणितही बिघडतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की कंपनीच्या मूळ मापात बदल चालणार नाही.

“तो निकाल २०१९ चा,” साडूभाऊ शांतपणे म्हणाले. “माझी गाडी २०२१ ची आहे.”

वलगावला पेढी नदीचा पूल लागला. इथेच २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबा गेले. एक खराटा आणि एक गाडगं, एवढ्या सामानावर त्या माणसानं अख्खा महाराष्ट्र पालथा घातला. साडूभाऊंनी पुलावर हात जोडले आणि एलईडीची पट्टी कितीला पडली ते सांगायला घेतलं.

खरं म्हणजे ह्या रस्त्यानं गाड्यांच्या सुधारणा पूर्वीही पाहिल्या आहेत. काळ्यापिवळ्या कमांडर जीपा आठवतात का? मागे आडवे बाक टाकलेले, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर कोंबड्या आणि पाहुणे, मागे शिडी, शिडीवर तीन माणसं. ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलाही एक प्रवासी बसायचा, त्यामुळे ड्रायव्हर स्वतः मधोमध असायचा आणि गिअर दुसऱ्याच कोणाच्या तरी गुडघ्यांमधून टाकायचा. त्या बदलांना कोणी मॉडिफिकेशन म्हटलं नाही. पोट म्हणायचे.

पण साडूभाऊंचं खरं प्रेम स्नॉर्केलवर. बॉनेटच्या बगलेतून निघून टपाच्या उंचीपर्यंत गेलेलं काळं नळकांडं. इंजिन हवा वरून घेतं, म्हणजे खोल पाण्यात गाडी गेली तरी पाणी आत जात नाही. आता कंपनी स्वतःच सांगते की साधी थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते. आमच्या अकोल्याचा सबंध वर्षाचा सरासरी पाऊस साडेसातशे-आठशे मिलिमीटर. म्हणजे मृगापासून हस्तापर्यंतचा पाऊस एकाच दिवशी पडला आणि त्यातला थेंबही पूर्णेला न जाता रस्त्यावर उभा राहिला, तर ह्या नळकांड्याची गरज लागेल. साडूभाऊ त्या दिवसाच्या तयारीत आहेत.

दर्यापूरच्या पुढे त्यांनी डांबरी रस्ता सोडला आणि गाडी पांदणीत घातली. जुलै महिना होता, आदल्या रात्री पाऊस झालेला. दोन्ही बाजूंना कपाशी वीतभर वर आलेली. मी म्हटलं, “साडूभाऊ, काळी माती आहे.” ते म्हणाले, “म्हणून तर मड टायर घेतले ना.”

इथे थोडं मातीबद्दल. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाण्याची शेकडो गावं त्यात येतात. जमीन खोल काळी, चिकण. पाणी पिते तशी फुगते, उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा भेगेत हात जातो. मड टायरच्या खाचा चिखल फेकून देण्यासाठी असतात. परदेशातला चिखल फेकला जात असेल. आमचा चिखल एकदा चिकटला की नातं जोडतो. शंभर पावलांत खाचा भरल्या आणि चारही टायर गुळगुळीत गोल झाले. मग चिखल टायरवर चढत गेला. चाक मोठं घेतल्यामुळे चाक आणि वरची कमान ह्यांत जागा उरलेलीच नव्हती, ती चिखलानं भरली. गाडी थांबली. इंजिनात ताकद होती, फोर-लो लागला होता, पण चाकाला फिरायलाच जागा नव्हती.

“स्पॉटर व्हा,” साडूभाऊ म्हणाले. स्पॉटर म्हणजे पुढे उभं राहून चाक कुठे वळवायचं ते हातानं दाखवणारा माणूस. मी स्टूल खाली सोडला, स्टुलावर पाय ठेवला. स्टूल शांतपणे जमिनीत गेला, त्याच्या मागोमाग मी पिंडरीपर्यंत. चपला अजून तिथेच आहेत.

साडूभाऊंचा चेहरा मात्र उजळला होता. विंच वापरायचा योग आला होता! विंच चार हजार किलोच्या वर ओढू शकतो, पण दोर कशाला तरी बांधावा लागतो, आणि खारपाणपट्ट्यात झाडं मोजकी. विजेचा खांब तेवढा जवळ होता. ते दोर घेऊन खांबाकडे निघाले तेव्हा कपाशीतून आवाज आला, “खांबाले नोका बांधू बापा! मागच्या बरसादीत पडला होता, दोन मयने अंधारात काढले.”

मग धुऱ्यावरची एक बाभूळ सापडली. दोर बांधला, बटण दाबलं, विंच गुरगुरला. दोर ताणला गेला आणि काहीतरी हललं. साडूभाऊ ओरडले, “निघाली! निघाली!” निघाली होती ती बाभूळ. भिजल्या मातीतून मुळासकट उपटून ती सावकाश, काट्यांसह, आमच्याकडे यायला लागली. बटण सोडायचं भान साडूभाऊंना राहिलं नाही. झाड बंपरपर्यंत आलं तेव्हा कुठे विंच थांबला.

इतक्यात त्याच पांदणीनं एक शेतकरी मोटारसायकलवर आला. आला म्हणजे खरंच आला: दोन पाय खाली सोडून, घसरत, पण चालत्या गाडीवर. मागे युरियाचं पोतं. त्याच्या गाडीला पुढचं मडगार्डच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, “मिरग लागला का काढून ठेवतो. चिखोल फसते ना त्याच्यात. दसऱ्याले लावतो परत.” हँडलला एक चपटी लोखंडी पट्टी अडकवलेली होती, चाक खरवडायला. एवढीच ॲक्सेसरी.

त्यानं थारला एक प्रदक्षिणा घातली आणि नळकांड्यापाशी थांबला.

“हे काय होय?”

“स्नॉर्केल,” साडूभाऊ म्हणाले. “गाडी पाण्यात बुडाली तरी इंजिनाले हवा भेटते.”

तो बराच वेळ वर बघत राहिला. “अन् मानसाले?”

साडूभाऊंकडे ह्याचं उत्तर नव्हतं. पुढेही त्यांनी ह्या विषयावर बोलणं टाळलं आहे.

मला मात्र तिथे उभ्या उभ्या राग आला. साडूभाऊंचा नाही, त्या ‘ऑफ-रोड’ शब्दाचा. ह्या पांदणीनं अख्खं गाव पावसाळाभर शेतात जातं. डोक्यावर बियाणं, पाठीवर फवारणीचा पंप, अंगावर पोर. त्यांच्या ह्या जाण्याला कोणी छंद म्हणत नाही, त्याचे व्हिडिओ काढत नाही. आम्ही मात्र लाखभर रुपयांचे टायर घेऊन त्यांच्या रस्त्यात रुतून बसलो आणि त्यांचाच रस्ता अडवला.

सुटका अशी झाली. मोटारसायकलवाल्यानं चाकावरच्या कमानीतलं प्लास्टिकचं आवरण सोडवून काढायला लावलं. तेच त्याचं मडगार्डचं शास्त्र. दोन पोरांनी खुरप्यांनी चिखल उकरला. खांबावरून ओरडलेली बाई जवळच्या झोपडीतून मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्यांचे भारे घेऊन आली आणि ते चाकांखाली अंथरले. पावसाळ्याचं जळण होतं ते. साडूभाऊ पुढे जायचंच म्हणत होते. ती म्हणाली, “ज्या चाकोरीनं आले त्याच चाकोरीनं मांगं घ्या.” मागच्या चाकांवर वजन हवं म्हणून मला जेरीकॅनला लटकवलं. ह्या प्रवासात माझ्या शरीराचा तेवढाच उपयोग झाला. पऱ्हाट्या कडकडल्या, गाडी मागे सरकली, आणि आम्ही डांबराला लागलो.

साडूभाऊंनी पाकीट काढलं. बाईनं मान हलवली. त्यांनी गाडी धुवायला पाणी मागितलं, तेव्हा मात्र ती जरा कडक झाली. “प्यावाले देतो. धुवाले नाई.” तिथलं विहिरीचं पाणी खारं, प्यायचं येतं ते नळयोजनेचं, येईल त्या दिवशी. आम्ही तांब्याभर प्यायलो आणि गाडी तशीच राहिली.

मग तिनं काय हवं ते सांगितलं. सासऱ्याला अकोल्याला न्यायचं होतं, डायलिसिसला. ह्या पट्ट्यात किडनीचे रोगी गावोगाव आहेत. पाऊस झाला की म्हाताऱ्याला बैलगाडीनं डांबरी रस्त्यापर्यंत आणायचं आणि मग जी मिळेल ती गाडी.

म्हातारा आला. धोतर, टोपी, हातात औषधांची पिशवी. त्यानं गाडीकडे खालून वर पाहिलं, दारापाशी पाय उचलून पाहिला, पाय पोचेना. “रेंगीले पायटा असते,” तो म्हणाला. “याले काऊन नाई?”

साडूभाऊ काही बोलले नाहीत. मोटारसायकलवाला पांदणीत परत गेला, निळा स्टूल उपटून, पट्टीनं खरवडून घेऊन आला. स्टुलावर म्हाताऱ्याचा एक पाय, दुसऱ्या पायाखाली साडूभाऊंचे दोन्ही तळहात. बसल्यावर म्हाताऱ्यानं पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाला, “एसी बंद करा बापा, थंडी वाजते.” साडूभाऊंनी एसी बंद केला, गाणी बंद केली. म्हैसांगपर्यंत त्यांनी एकही सुधारणा समजावली नाही. पूर्णा गढूळ, भरून चालली होती. मागच्या सीटवर चपलांशिवाय दुमडून मी ती एवढीशी पाहिली.

अकोल्याला म्हाताऱ्याला उतरवून, मला घरी सोडून साडूभाऊ हायवेनं परत गेले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी गाडीला दोन्ही बाजूंनी पायदान बसवून घेतलं. त्यांचे थारवाले मित्र म्हणतात, क्लिअरन्स गेला. मेहुणीबाईंच्या वहीत ते पायदान पोटॅश म्हणून लागलं आहे. एवढं त्यांना कळवू नका.

आणि लासूरचं आनंदेश्वर मंदिर काळ्या दगडाचं आहे, यादवकाळातलं मानतात, अवश्य पाहा. दर्यापूरहून सरळ रस्ता आहे. त्यानंच जा.