मधला तुकडा

आमच्या मामांना कुणी "कसं काय मामा, बरं आहे ना?" असं विचारलं तर ते प्रकृतीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. "परवा फोर्टात गेलो होतो," असं म्हणून दोन्ही तळवे एकमेकांसमोर आडवे धरतात. वरचा तळवा म्हणजे वरची स्लाइस, खालचा म्हणजे खालची. ज्याला गाडी पकडायची असेल त्याने हे तळवे मिटायच्या आत निघावं. मिटले की अर्धा तास गेला.

ठिकाणं माहीत असलेला एक माणूस प्रत्येक घराण्यात असतोच. मिसळ कुठली, आमरस कुणाकडचा, बासुंदीसाठी वाकडी वाट कुठे करायची, हे त्याला विचारायचं. आमच्या मामांनी बाकी सगळी खाती इतरांना देऊन टाकली आणि सँडविच तेवढं स्वतःकडे ठेवलं. फोर्टातल्या एका बँकेत त्यांची नोकरी झाली, राहणं डोंबिवलीला. बढती कधी मिळाली, बदली कधी रद्द झाली, हे त्यांना मामींना विचारावं लागतं. पण ज्या दिवशी मामींना बघायला जायचं होतं, त्या दिवशी दुपारी बँकेखालच्या सँडविचवाल्याकडचं बीट संपलं होतं, हे त्यांना पक्कं आठवतं. मामी कुठल्या रंगाची साडी नेसल्या होत्या ते आठवत नाही. बीट नसल्यामुळे त्या दिवशी रंगांकडे लक्षच नव्हतं, असा त्यांचा खुलासा आहे.

सँडविच कशाला म्हणायचं याबाबत मामा बँकेच्या नियमांइतकेच कडक. दोन स्लाइस हव्यात आणि त्या सुट्या हव्यात. 'सुट्या' हा शब्द ते दोनदा उच्चारतात. वडापावातला पाव एका बाजूने जोडलेला राहतो, म्हणून ती पिशवी. दाबेलीचंही तेच. कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस देतात हे कुणीतरी पुढे केलं, तेव्हा मामा म्हणाले, "स्लाइस बुडवली की विषय संपला." याउलट चर्चगेटला के. रुस्तम यांच्याकडे १९५३पासून दोन पातळ बिस्किटांत आइस्क्रीमची जाड वडी घालून देतात, ते मात्र त्यांच्या हिशेबी अस्सल सँडविच. थर सुटे, भरण मध्ये, दाबलं की बाहेर येणार आणि खाणाऱ्याची धांदल उडणार. आणखी काय हवं? गोव्यात नियम शिथिल होतात. पोय चिरून त्यात चोरीस सॉसेज भरलेला किंवा कटलेट घातलेला पाव समोर आला की मामा व्याख्येबद्दल एक अक्षर बोलत नाहीत, कारण तोंड रिकामं नसतं.

या पदार्थाला नाव मिळालं ते अठराव्या शतकातल्या सँडविचच्या चौथ्या अर्लवरून. पत्त्यांच्या डावावरून उठायला नको म्हणून त्याने ब्रेडच्या दोन तुकड्यांत मांस घालून मागवलं, अशी गोष्ट सांगतात. म्हणजे मुळात हा पदार्थ आळसातून, वेळ वाचवायला निघालेला. मामांचं सँडविच पाहिलं असतं तर त्या अर्लने डाव अर्धवट टाकून सरळ घरी जाऊन जेवण केलं असतं.

कारण मामांचं रविवारचं सँडविच शुक्रवारी सुरू होतं. शुक्रवारी ब्रेड येतो. ताजा ब्रेड सुरीखाली दबतो, एक दिवस शिळा झाला की अंग धरतो, असं त्यांचं म्हणणं आणि ते खरं आहे. आल्याबरोबर मामी तो फ्रीजमध्ये टाकतात आणि मामा बाहेर काढतात. फ्रीजच्या थंडीत ब्रेड लवकर कडक होतो, बाहेर ठेवला तर बुरशी येते. दोघांचंही बरोबर असल्यामुळे हा वाद मिटण्यासारखा नाही. ब्रेड कुठला, हाही प्रश्न एकेकाळी होता. १९६५ साली सरकारने काढलेल्या कंपनीचा 'मॉडर्न' ब्रेड मिळू लागला तेव्हापासून मामांच्या घरी तोच. सरकारी बँकेतल्या माणसाने सरकारी ब्रेड खावा, इतकं साधं होतं ते. २००० साली सरकारने ती कंपनी हिंदुस्तान लीव्हरला विकली, तेव्हा मामांनी युनियनच्या सभेत निषेधाचा ठराव मांडला. आज ब्रेड गेला, उद्या बँक जाईल, असं भाषण झालं. ठराव मंजूर झाला आणि चहाबरोबर सँडविच आली. ब्रेड खासगी होता.

शनिवारी बटाटे सालासकट उकडून रात्रभर गार करायचे, म्हणजे काप मोडत नाहीत. रविवारी दुपारीच बटर बाहेर काढून ठेवायचं. चटणीत कोथिंबीर, पुदिना, मिरच्या, दाटपणाला थोडं डाळं आणि हिरवा रंग टिकावा म्हणून लिंबू. हे सगळं मामी करतात. मामा "करतात" म्हणजे ओट्याजवळ उभे राहून काकडीचा एकेक काप उजेडासमोर धरून पाहतात. "काप दिसला पाहिजे, जाणवता कामा नये," हे त्यांचं माप. जाड काप बाजूला ठेवले जातात आणि मामी ते कोशिंबिरीत टाकतात. संध्याकाळी सहाला सुरू झालेली रचना आठपर्यंत पाया भरण्यातच असते. घरातली मुलं रडकुंडीला येतात. साडेआठला कुकरची शिट्टी होते. मामींनी खिचडी लावलेली असते; त्यांनी ती नेहमीच लावलेली असते. साधारण नऊच्या सुमारास मामा विजयी मुद्रेने पहिलं सँडविच घेऊन बाहेर येतात, तेव्हा समोर पापड भाजल्याचा वास आणि हात धुऊन बसलेली माणसं असतात. मामांना त्याचं काही वाटत नाही. आता सगळ्यांची पोटं भरलेली आहेत, म्हणजे चवीकडे नीट लक्ष जाईल, असं म्हणून ते समजावून सांगायला बसतात.

खरे मामा मात्र पाहावेत ते रस्त्यावर. फोर्टातल्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सँडविचवाल्यापुढे ते असे उभे राहतात की नवख्याला वाटावं, वरिष्ठ कार्यालयातून तपासणी आली आहे. आधी नुसतं बघायचं. हात कसा चालतो ते. "तो बटर लावत नाही रे, बटरखालून ब्रेड काढून घेतो," हे त्यांचं सर्वोच्च प्रशस्तिपत्र. बटर दोन्ही स्लाइसना, आणि अगदी कडेपर्यंत. ते चवीसाठी असतं असं आपल्याला वाटतं. मामा सांगतात, ते गळतीसाठी असतं. बटरचा थर असला की चटणीचं पाणी ब्रेडमध्ये उतरत नाही. मग चटणी. मग बटाटा, कारण तो ओल पिऊन घेतो आणि वरच्या घसरड्या मंडळींना धरून ठेवतो. मग बीट, काकडी, टोमॅटो, कांदा, आणि प्रत्येक थरावर चिमूटभर मसाला. टोमॅटोचा ब्रेडशी थेट संबंध येता कामा नये. "मीठ लागलं की काकडी आणि टोमॅटो रडायला लागतात," मामा सांगतात. "सँडविच झालं की लगेच खायचं. काकडी कुणासाठी थांबत नाही." ऑस्कर वाइल्डच्या १८९५ सालच्या एका नाटकात मावशीसाठी केलेली काकडीची सँडविच ती यायच्या आत भाचाच फस्त करतो, हे मी त्यांना एकदा सांगितलं. मामांनी वाइल्डचं दुसरं काहीही ऐकून घ्यायला नकार दिला. माणसाला काकडी कळत होती, एवढं त्यांना पुरे होतं.

आता मुख्य गोष्ट. सँडविच झालं की त्यावर एक उभा काप आणि दोन आडवे, असे सहा तुकडे होतात. टोस्ट असेल तर तो चिमट्याच्या टोस्टरमध्ये निखाऱ्यावर उलटसुलट भाजून, वर पुन्हा बटर फासून मग कापतात. पण तुकडे सहाच. या सहांत चार कोपरे आणि दोन मधले. सगळे सारखेच दिसतात, असं अडाणी माणूस म्हणतो. कोपऱ्यांना दोन बाजू कडेच्या, तिथे भरण पोचता पोचता संपतं. बटाट्याचा मोठा काप, बिटाची अखंड चकती, मसाल्याचा मुख्य ऐवज, सगळं मध्ये. मामा आधी कोपरे खातात, घाईघाईने, कामाचे कागद निकालात काढावेत तसे. मग थांबतात, रुमालाने बोटं पुसतात आणि मधल्या दोघांकडे वळतात.

मामांनी तुम्हाला आपल्या सँडविचमधला तुकडा दिला तर तो कुठला होता ते पाहावं. मामा कंजूष मुळीच नाहीत. लग्नाकार्यात सढळ हाताने आहेर करतात, गरजेला न विचारता पैसे काढून देतात. पण मधला तुकडा त्यांनी कुणाला दिल्याचं ऐकिवात नाही. मामेबहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा पत्रिका, पगार, घर सगळं जुळल्यावर मामा मुलाला एकट्यालाच घेऊन बाहेर पडले. आम्हाला वाटलं, काही खासगी बोलायचं असेल. दोघांत एक मसाला टोस्ट मागवला आणि कागदी बशी मुलापुढे धरली. त्याने क्षणभर पाहिलं आणि कोपरा उचलला. मामा घरी येऊन एवढंच म्हणाले, "वळण चांगलं आहे. तारीख काढा."

मुलगी पुण्यात गेली आणि मामांची पुण्याला येजा सुरू झाली. डोंबिवलीहून पुण्याला जायला पन्नास गाड्या असतील, पण मामा लोकलने उलटे दादरला जातात आणि तिथून डेक्कन क्वीन धरतात. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या या गाडीला खानपानाचा डबा आहे आणि त्या डब्यातला चीज टोस्ट प्रसिद्ध आहे. अडचण एकच. चीज टोस्ट उघडा असतो, आणि उघडी वस्तू मामांच्या व्याख्येत बसत नाही. म्हणून ते दोन घेतात आणि एक दुसऱ्यावर पालथा घालतात. कर्जतपासून घाट चढेपर्यंत हे चालतं. खिडकीबाहेर पावसाळ्यात धबधबे कोसळत असतात, अशी आमची माहिती. मामांना विचारून उपयोग नाही.

पुण्यात कॅम्पातल्या मार्झोरिनला जाणं ठरलेलं. तिथलं चिकन सँडविच मामा खातात, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, मामींनाही. फक्त उल्लेख करायचा नाही. मेयोनीज नावाच्या पदार्थावर मामांनी डोंबिवलीत आजवर जी आग पाखडली आहे ती ऐकलेल्या माणसाला इथे नवल वाटेल. शेजवान, मेयो, पनीर टिक्का आणि वर किसलेल्या चीजचा ढिगारा घालून जे ग्रिल करतात ते सँडविच नसून ब्रेडवरचा अतिप्रसंग आहे, असं ते नेहमी म्हणतात. कॅम्पात मात्र ते मऊ पांढऱ्या सारणाकडे पाहून "हे वेगळं," एवढंच म्हणतात.

परवाच्या फेरीत जावयाने त्यांना एका नव्या कॅफेत नेलं. लाकडी पाटावर एक जाड, भोकाभोकांची स्लाइस आली. तिच्यावर कसलासा हिरवा लगदा, त्यावर बिया. मामांनी पाट उचलून खाली पाहिलं.

"वरची स्लाइस कुठाय?"

"सर, हे ओपन सँडविच आहे," पोऱ्या अदबीने म्हणाला.

"बरं. मग बंद करून आणा."

"त्यासाठी अजून एक मागवावं लागेल, सर."

जावई समंजस, त्याने मागवलं. मामांनी एकावर एक पालथं घालून सहा तुकडे केले, चार कोपरे जावयाच्या बाजूला सारले आणि मधला एक खाल्ला. "ब्रेड चांगला आहे," ते म्हणाले. "सँडविचसाठी वापरायला हरकत नाही."

गेल्या वर्षी रक्तातली साखर वाढली. डॉक्टरांनी एकेक गोष्ट बंद करायला सुरुवात केली: मैदा, मग बटर, मग बटाटा. हा सँडविच रचण्याचाच क्रम आहे, हे मामांनी तिथल्या तिथे त्यांच्या लक्षात आणून दिलं. बरीच घासाघीस झाली. शेवटी डॉक्टर कंटाळून म्हणाले, "ठीक आहे. पंधरा दिवसांतून एकदा, दोन तुकडे."

"कुठले?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. "कुठलेही घ्या हो."

मामांनी ते चिठ्ठीवर लिहून घेतलं.

दोन मधले तुकडे हवेत तर सबंध सँडविच घ्यावं लागतं आणि मग चार कोपरे उरतात. तेवढ्यासाठी हल्ली मामांना सोबत लागते. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर फोर्टात जातो. सँडविचवाला कागदी बशी पुढे करतो, मी माझे चार कोपरे उचलतो आणि मामा सावकाश त्यांच्या दोघांचा समाचार घेतात. खाणं कमी झाल्यापासून वर्णन लांबलं आहे. बिटाची चकती आज किती पातळ होती, मसाल्यात काळं मीठ कसं जिभेवर मागाहून आलं, बटाट्याने ओल कशी धरून ठेवली होती, हे सगळं मला सविस्तर कळतं. एकदा मी धीर करून म्हटलं, "मामा, सांगता कशाला, एक मलाच देऊन बघा की."

मामांनी खिशातून चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली.

"डॉक्टरांनी लिहून दिलेत ते," ते म्हणाले. "औषध का कुणी वाटून खातं?"