वाफेच्या पन्नीतला स्वयंपाक : भातकुली तालुक्यापुरती मार्गदर्शिका

मायक्रोवेव्हमध्ये ठेवून भाजी वाफवायच्या पिशव्या आपल्या भागात दोन मार्गांनी येतात. एक, परदेशातल्या लेकीच्या सामानातून आणि दोन, ऑनलाइन खरेदी करणाऱ्या भाच्याच्या उत्साहातून. पाकिटावर चार चित्रांत सगळी कृती दिलेली असते : भरा, बंद करा, तापवा, खा. ही चित्रं ज्या स्वयंपाकघराकडे पाहून काढली आहेत, तिथे लाईन जात नाही, आजी देखरेखीला बसलेली नसते आणि पन्नी एकदा वापरून फेकून देतात. या तिन्ही बाबतींत भातकुलीची परिस्थिती वेगळी असल्यामुळे ही स्वतंत्र मार्गदर्शिका काढणे भाग पडले आहे.

१. ज्येष्ठांची पूर्वपरवानगी

यंत्र सुरू करण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क बाईला ते समजावून सांगावे. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "याच्यात इस्तू कुठं हाय?"

उत्तर शांतपणे द्यावे. १९४५ साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाचा माणूस रडारच्या यंत्रावर काम करत होता. जवळ उभं राहिल्याने त्याच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली आणि त्यातून ही भट्टी निघाली. दोन वर्षांनी बाजारात आलेला पहिला नग गोदरेजच्या कपाटाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. यातल्या लहरी अन्नातल्या पाण्याच्या कणांना हलवतात, त्या हालचालीने अन्न तापतं. इस्तू लागत नाही.

यावर दुसरा प्रश्न येईल : "मंग याच्यात वांगं कसं भाजते?" त्याचे उत्तर देण्याची घाई करू नये. ते पाचव्या कलमात आहे, आणि समाधानकारक नाही.

२. लाईन

८०० वॅटचा म्हणून घेतलेला मायक्रोवेव्ह भिंतीतून १२०० वॅट किंवा त्याहून जास्त ओढतो. तेव्हा घरच्या इन्व्हर्टरवर तो चालवण्याचा प्रयोग करू नये. त्यासाठी १६ अँपिअरचा मोठा प्लग लागतो, आणि घरातल्या अशा एकमेव प्लगवर दुसऱ्या कोणाचा तरी वहिवाटीचा हक्क असतो. व्होल्टेज पडलेलं असेल तर पाकिटावरच्या चार मिनिटांत गवार तापते, शिजत नाही. वेळ एकेका मिनिटाने वाढवत न्यावा.

एक गुण मात्र मान्य करायलाच हवा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना गॅसपुढे उभं राहण्याची शिक्षा काही मिनिटांनी कमी होते. त्याच वेळी लाईनवर कूलरचाही भार असेल आणि दोन्ही मिळून फ्यूज उडाला, तर दोघांपैकी कोणाला बंद ठेवायचं, याबाबत ही मार्गदर्शिका मौन पाळते.

३. पाणी

हे कलम पाकिटावर नाही, आणि आपल्याकडे हेच सर्वांत कामाचं आहे. भातकुली पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येते. इथल्या विहिरीबोअरच्या पाण्यात क्षार इतके की त्यात तुरीची डाळ घातली तर ती शिजण्यापेक्षा टिकण्याचं मनावर घेते. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना बांधून ठेवतं, म्हणून ती मऊ होत नाही.

वाफेचं तसं नसतं. पाणी उकळलं की क्षार खाली राहतात, वाफ गोडी निघते. शिवाय पिशवीत वरून पाणी जवळजवळ लागतच नाही. वांग्यात वजनाच्या ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, दुधी आणि भेदराची तीच गत. भाजी आपल्याच पाण्याच्या वाफेवर शिजते, आणि पाणी ओतून टाकावं लागत नसल्याने त्याच्याबरोबर वाहून जाणारी जीवनसत्त्वंही पुष्कळशी वाचतात. बोअरचं पाणी इथे टाळता येतं, एवढ्या एका कारणासाठी पन्नीला तालुक्यात प्रवेश द्यायला हरकत नाही.

४. भरणे

(अ) पिशवी निम्म्यापेक्षा जास्त भरू नये. "एवढ्यानं कोणाचं होते?" हा प्रश्न मागून येईल. तो रास्त आहे. पिशवी दोन माणसांच्या हिशेबाने शिवलेली असते, आपल्याकडे भाजी येऊ शकणाऱ्या माणसांच्या हिशेबाने टाकतात.

(आ) फोडी सारख्या आकाराच्या कराव्यात. आलूला काट्याने टोचे मारावेत, नाहीतर वाफ आपली वाट आपण काढते.

(इ) पिशवीला वाफ सोडायला बारीक छिद्र किंवा ठरावीक दाबाला सुटणारी शिवण असते. "सांडंन" म्हणून त्यावर चिकटपट्टी लावू नये.

(ई) तेल आत घालू नये. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपास राहतं. तेल त्याच्या पुष्कळ वर जाऊ शकतं, आणि साधारण १६० अंशांना पिशवीचं पॉलिप्रॉपिलीन वितळतं.

(उ) झाल्यावर पिशवी दोन मिनिटं तशीच ठेवावी. आतली उष्णता मधल्या फोडींपर्यंत याच वेळात पोचते. मग तोंड आपल्यापासून लांब धरून उघडावं. वाफेचा चटका वाईट असतो.

५. वांग्याचा प्रश्न

आता आजीचं उत्तर. वांगं पिशवीत सहा-सात मिनिटांत मऊ होतं. ते सोलावं, ठेचावं, त्यात हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा आणि सांभार घालावा. जे तयार होईल ते पौष्टिक असेल. त्याला भरीत म्हणू नये.

कारण शास्त्रीय आहे. अन्नाला खरपूस रंग आणि वास येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे, आणि वाफ १०० ला थांबते. तुऱ्हाट्यांच्या जाळावर वांग्याची साल करपते, तिचा धूर गरात उतरतो आणि तिथून भरीत सुरू होतं. रोडगे गोवऱ्यांच्या आरात, ठेचा तव्यावर, भाकर आधी तव्यावर आणि मग निखाऱ्यावर. वऱ्हाडी चवीचा बराचसा कारभार १०० अंशांच्या वरच चालतो.

रुक्मिणीचा भाऊ रुक्मी कृष्णाकडून हरल्यावर कुंडिनपूरला परत गेला नाही. त्याने नवं नगर वसवलं, ते भोजकट म्हणजेच आपली भातकुली, असं मानतात. माघार घेण्यापेक्षा गाव वसवणं ज्याला सोपं वाटलं, त्याच्या गावात वाफवलेल्या वांग्याला भरीत म्हणवून घेण्याचा आग्रह धरू नये.

६. फुनके

इथे पन्नीला खरी संधी आहे, कारण फुनके मुळातच वाफेचे. भिजवलेली डाळ जाडसर वाटून मुटके वळावेत, चमचाभर पाणी शिंपडून एका थरात ठेवावेत. तीन मिनिटांनी एक मोडून पाहावा आणि कच्चा असेल तर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने पुढे जावं. वेळ जास्त झाली तर फुनके चामड्यासारखे होतात आणि कढीतही सुधारत नाहीत. एका खेपेत सहा-सात मावतात. घरात जेवणारे आठ असतील तर शेवटच्या खेपेपर्यंत पहिले गार होतात. तेवढ्यात चाळणीवर पातेलंभर फुनके एकदम उतरले असते, ही टिप्पणी ऐकून घ्यावी.

७. पन्नीची विल्हेवाट

पाकिटावर लिहिलेलं असतं : एकदाच वापरा. एकदा सुटलेली शिवण पुन्हा नीट बसत नाही, हे त्यामागचं कारण. घरात मात्र "एवढी चांगली पन्नी फेकता काय?" असा ठराव होऊन ती धुतली जाईल आणि दांडीवर चिमट्याने लटकेल. तडजोड अशी : पुन्हा वाफवायला नाही, फ्रिजमध्ये सांभार ठेवायला चालेल. या कामात ती अनेक महिने उत्तम सेवा देते.

८. सोपेपणाचा ताळेबंद

पन्नीने गवार पाच मिनिटांत वाफवली, हे खरं. त्यानंतर तिला लसूण-मिरचीची फोडणी लागली, म्हणजे कढई निघालीच. भाकरी थापायच्या होत्या, त्या थापल्या. वरण कुकरमध्ये होतं, त्याच्या शिट्ट्या मोजल्या. भांडी होती तेवढीच होती, वर काचेची फिरती थाळी वाढली, आणि तिला जपून घासावं लागतं. यंत्राने स्वयंपाकातला असा भाग सोपा केला, जो झाकण ठेवलं की आपोआप होत होता. जाळापुढचं काम जिथल्या तिथे राहिलं, आणि ज्या हातांकडे होतं त्याच हातांकडे राहिलं.

अमरावतीत खोली करून परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोराला पन्नी जरूर द्यावी. तो एकटा जेवतो, आणि मायक्रोवेव्ह मिळाला तर तेवढ्यावर त्याचं भागतं. गावातल्या घरासाठी मात्र एक नियम सक्तीचा करावा : ज्याने पन्नी आणली, त्याने त्या दिवशीची फोडणी द्यावी, भाकरी थापाव्यात आणि भांडी घासावीत. त्यानंतरही तो स्वयंपाक सोपा झाला असं म्हणत असेल, तर दुसरं पाकीट मागवायला हरकत नाही.